मोटारींविना वाळवंट

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील वाळवंटी उद्यानांत सायकल कुठे चालवायची, हा प्रश्न भूगोलापेक्षा कायद्याचा अधिक आहे. युटा, ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया या राज्यांत हजारो चौरस किलोमीटरचा उघडा मुलूख राष्ट्रीय आणि राज्य उद्यानांच्या ताब्यात आहे. नकाशा पाहणाऱ्याला वाटते, इथे वाटेल तिकडे सायकल वळवावी. प्रत्यक्षात बहुतेक पायवाटांवर सायकलीला मज्जाव आहे. राष्ट्रीय उद्यानांच्या नियमाप्रमाणे सायकल मोटारींच्या रस्त्यांवर, वाहनतळांवर आणि खास नेमून दिलेल्या वाटांवरच नेता येते. त्यातही जो भाग कायद्याने ‘वाइल्डरनेस’, म्हणजे माणसाचा हात लागू न देण्याचा प्रदेश, म्हणून जाहीर झाला आहे, तिथे ३ सप्टेंबर १९६४ च्या कायद्याने यांत्रिक वाहतूकच बंद केली. सायकलीला इंजिन नसले तरी ती यंत्रच, असा या तरतुदीचा अर्थ लावला जातो. डेथ व्हॅली उद्यानाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग अशा संरक्षणाखाली येतो. एवढ्या अफाट वाळवंटात सायकलस्वाराला उरतात ते मोटारींचेच रस्ते, मग ते डांबरी असोत की कच्चे.

मोटारी नसलेली आणि तरीही सायकलीला मोकळी असलेली वाट त्यामुळे दुर्मीळ ठरते. ती पायवाट असून चालत नाही आणि वाहता रस्ता असूनही चालत नाही. ज्या थोड्या अशा वाटा आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा सायकलींसाठी आखलेल्याच नव्हत्या. कुठे मोटारींची कोंडी असह्य झाली म्हणून, कुठे पुराने नदीकाठ खाल्ले म्हणून, तर कुठे अणुबॉम्बसाठी लागणारे खनिज शोधायचे होते म्हणून त्या तयार झाल्या. सायकली मागाहून आल्या.

झायन उद्यान हे कोंडीचे उदाहरण. युटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात व्हर्जिन नदीने वालुकाश्मात कोरलेली ही खोल दरी आहे आणि तिच्यातून जाणारा रस्ता एकच, तोही पुढे जाऊन संपणारा. १९९७ साली उद्यानाला सुमारे २४ लाख लोकांनी भेट दिली. तोवर दरीत मोटार उभी करायला जागा शोधणे, हाच बहुतेकांच्या सहलीचा मुख्य कार्यक्रम होऊन बसला होता. २००० साली उद्यानाने शटल बस सुरू केल्या आणि बस चालू असतील त्या काळात, म्हणजे साधारण मार्च ते नोव्हेंबर, खासगी मोटारींना दरीतला रस्ता बंद केला. बंदी मोटारींना होती, सायकलींना नव्हती. त्यामुळे सुमारे १० किलोमीटरचा हा डांबरी रस्ता सायकलींना जवळजवळ आंदण मिळाला.

उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळच्या माहिती केंद्रापासून हा रस्ता जिथे फुटतो, तिथपर्यंत ‘पारूस ट्रेल’ नावाची पावणेतीन किलोमीटरची फरसबंद वाट नदीच्या कडेकडेने जाते. झायनमधल्या पायवाटांपैकी सायकलीला परवानगी असलेली हीच एक. पुढे दरीतल्या रस्त्यावर बस सोडल्यास फारसे काही नसते. बसचा नियम मात्र पक्का आहे. चालत्या सायकलीला बस ओलांडून जात नाही. मागून बस आली की सायकलस्वाराने कडेला होऊन थांबायचे, तिला जाऊ द्यायचे आणि मग पुन्हा निघायचे. जाताना रस्ता नदीच्या उगमाकडे हलका चढत जातो, येताना तोच उतार होतो, म्हणून लहान मुले आणि आजी-आजोबाही इथे सायकलीवर दिसतात. दमलेल्याला सायकल बसच्या पुढच्या कठड्यावर चढवून परतता येते, जागा असली तर. पूर्वेकडे जाणारा १९३० साली पुरा झालेला जवळपास १.८ किलोमीटरचा बोगदा मात्र सायकलींना बंद आहे. तिथे सायकल गाडीत घालूनच न्यावी लागते. हिवाळ्यात बस बंद असल्या की मोटारी दरीत परत येतात. त्या दिवसांत झायनला सायकल घेऊन जाणाऱ्याने मग मोटारमुक्त रस्त्याची अपेक्षा ठेवू नये.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरही हीच युक्ती वापरलेली आहे. काठाच्या पश्चिमेकडचा ११ किलोमीटरचा हर्मिट रोड १ मार्च ते ३० नोव्हेंबर खासगी मोटारींना बंद असतो आणि शटल बसबरोबर सायकलींना खुला असतो. शेवटच्या साडेचार किलोमीटरला तर बसही टाळून वेगळ्या फरसबंद वाटेने जाता येते. हा काठ सुमारे २,१०० मीटर उंचीवर पाइनच्या रानात आहे, त्यामुळे वाळवंट इथे खाली दरीत दिसते, चाकाखाली नसते.

चाकाखालचे खरे वाळवंट भेटते ते ॲरिझोनातल्या टूसॉन शहराभोवती. सोनोरन वाळवंटातल्या या शहरातून सांताक्रूझ, रिलिटो, पँटानो अशा नद्या जातात. वर्षाचा बहुतेक काळ त्यांच्या पात्रात फक्त रेती असते. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये मात्र आलेल्या पुराने काठच्या काठ कोसळून पडले, घरे आणि पूल वाहून गेले. त्यानंतर पिमा काउंटीच्या पूरनियंत्रण खात्याने माती आणि सिमेंट कालवून काठ बांधून काढले. बांधाच्या माथ्यावर देखभालीच्या गाड्यांसाठी वाट ठेवणे भागच होते. पुढे त्या वाटा फरसबंद झाल्या, कडेला झाडे लागली, एक तुकडा दुसऱ्याला जोडला गेला आणि आज ‘द लूप’ या नावाने २०० किलोमीटरहून अधिक लांबीचे सायकलमार्गांचे जाळे शहराला वेढून आहे. मोटारींचे रस्ते बहुतेक ठिकाणी पुलाखालून ओलांडले जातात, सिग्नलला थांबावे लागत नाही. सायकलमार्गासाठी म्हणून एवढा पैसा कुठल्याही नगरपालिकेने सहजी दिला असता, असे वाटत नाही. पुराच्या नावाने तो उभा राहिला.

टूसॉनच्या पूर्वेला सग्वारो राष्ट्रीय उद्यान आहे. १९३३ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून राखलेल्या या भूमीला १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हातपाय पसरलेल्या उंच सग्वारो निवडुंगांचे हे रान आहे. या निवडुंगाला पहिली फांदी फुटायलाच ५० ते ७५ वर्षे लागतात. रानातून १३ किलोमीटरचा एकेरी डांबरी रस्ता चक्कर मारतो. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी तुकड्यांनी तो बांधला. त्यावर मोटारी येतात, पण एकाच दिशेने आणि सावकाश. या चकरेच्या पोटातून चार किलोमीटरची मातीची वाट जाते, तिच्यावर मोटारी नाहीत. पादचारी, घोडेस्वार आणि सायकलस्वार तिघांनाही ती मोकळी आहे. घोडा दिसला की सायकलस्वाराने थांबून त्याला वाट द्यायची, हा इथला रिवाज आणि नियमही. वाट अरुंद, दोन्हीकडे चोया निवडुंग. त्याच्या काट्यांना सूक्ष्म आकडे असतात, ते कातडीत शिरले की चिमट्याशिवाय निघत नाहीत. म्हणून जाणते स्वार इथे खिशात एक जाड दातांची फणी ठेवतात आणि चिकटलेला गोळा तिने उडवून लावतात.

दक्षिण कॅलिफोर्नियातले अँझा-बोरेगो हे राज्य उद्यान सुमारे २,४०० चौरस किलोमीटरचे आहे. तिथे सायकलीला पायवाटा बंद, पण ८०० किलोमीटरच्या आसपास कच्चे रस्ते खुले. मोटारी येत असल्या तरी मधल्या वारी त्यांची संख्या नगण्य असते. कायोटी कॅन्यन ही तिथली बारमाही पाणी असलेली दरी १ जून ते ३० सप्टेंबर सर्वांनाच बंद राहते, कारण उन्हाळ्यात रानमेंढ्यांना पिण्यासाठी दुसरे पाणी जवळ नसते. या बंदीत सायकलीला सवलत नाही, आणि ती नसावीच.

या सर्वांपैकी सायकलस्वारांत सर्वाधिक बोलला जाणारा मार्ग म्हणजे युटातल्या कॅन्यनलँड्स उद्यानातला व्हाइट रिम रोड. तो पूर्णपणे मोटारमुक्त नाही, हे आधीच सांगायला हवे. चारही चाकांना जोर मिळणाऱ्या उंच गाड्यांना तिथे परवानगी आहे. पण परवान्यांची मर्यादा, वाटेचा खडतरपणा आणि १६० किलोमीटरची लांबी यांमुळे तासन्‌तास एकही गाडी न दिसणे ही इथली सर्वसाधारण गोष्ट आहे.

या रस्त्याचा इतिहास अणुयुगाचा आहे. १९५२ साली चार्ली स्टीन या भूवैज्ञानिकाला मोआब गावाच्या दक्षिणेकडे युरेनियमचा प्रचंड साठा सापडला आणि दहा वर्षांत हजार-बाराशे वस्तीचे ते गाव चौपट झाले. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाला शस्त्रांसाठी खनिज हवे होते, म्हणून आयोगाच्या उत्तेजनाने शोधकांनी आग्नेय युटात शेकडो मैलांचे कच्चे रस्ते फोडले. व्हाइट रिम त्यांतलाच. शेफर कुटुंबाने गुरे खाली उतरवायला वापरलेली कड्यावरची वाट याच काळात रुंद करून ट्रक जातील असा घाट केला गेला. व्हाइट रिमच्या परिसरात युरेनियम म्हणावे असे निघालेच नाही. शोधक गेले, रस्ता राहिला. १२ सप्टेंबर १९६४ रोजी, वाइल्डरनेसच्या कायद्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान झाले. रस्ता आधीपासून होता म्हणून तो रस्ताच राहिला, आणि रस्ता राहिला म्हणूनच आज त्यावर सायकल जाते. कोऱ्या जमिनीवर आज अशी वाट आखायची म्हटली तर परवानगी मिळणे अवघड आहे.

मार्गाची रचना समजून घेण्यासारखी आहे. ‘आयलंड इन द स्काय’ हे सुमारे १,८०० मीटर उंचीचे सपाट पठार. त्याच्या पूर्वेला कोलोरॅडो आणि पश्चिमेला ग्रीन नदी वाहते, दोघींचा संगम दक्षिणेला. पठाराच्या कड्याखाली साडेतीनशे-चारशे मीटरवर पांढऱ्या वालुकाश्माचा एक कठीण थर पायरीसारखा बाहेर आलेला आहे. तोच व्हाइट रिम. त्याच्याही खाली जवळपास तेवढ्याच खोलीवर नद्या. रस्ता या मधल्या पायरीवरून पठाराला वळसा घालतो. डावीकडे किंवा उजवीकडे, स्वार कोणत्या दिशेने निघाला आहे त्यानुसार, एका बाजूला वर चढलेली लाल भिंत आणि दुसऱ्या बाजूला तुटलेला कडा, असे दृश्य दिवसभर सोबत करते. थर सपाट असल्याने मधले बरेचसे अंतर सोपे जाते. कसोटी लागते ती चार-पाच ठिकाणी. शेफरचा नागमोडी घाट, साधारण मध्यावर मर्फी हॉगबॅकचा अंगावर येणारा चढ, ग्रीन नदीजवळ हार्डस्क्रॅबल टेकडी आणि शेवटी मिनरल बॉटमचा घाट. मर्फीच्या चढावर भल्या भल्यांना उतरून सायकल ढकलावी लागते. माथ्यावर मुक्कामाची जागा आहे, ती उगीच नव्हे.

सायकलीवर या फेरीला साधारण तीन ते चार दिवस लागतात. एका दिवसात ती पुरी करणारेही आहेत, मात्र ते पहाटे अंधारात निघून सारा दिवस घड्याळाकडे पाहत जातात, आणि कॅन्यनलँड्ससारख्या ठिकाणी घड्याळ पाहत जाण्यात काय साधते हे त्यांनाच ठाऊक. परवाना दोन्ही प्रकारांना लागतो. एका दिवसात जाणाऱ्यांसाठी रोज ५० सायकली आणि ५० मोटारी अशी मर्यादा आहे. मुक्काम करणाऱ्यांसाठी वाटेवर दहा ठिकाणी मिळून वीस जागा नेमून दिल्या आहेत. प्रत्येक जागेवर जास्तीत जास्त १५ माणसे आणि तीन गाड्या. वसंत आणि शरद ऋतूंतल्या तारखा कित्येक महिने आधी भरतात. मुक्कामावर शौचालय असते, बाकी काही नाही. लाकडाची शेकोटी पेटवता येत नाही आणि कुत्रा गाडीत बसवूनही नेता येत नाही.

पाणी हा या मार्गाचा खरा हिशेब आहे. वाटेवर पिण्याचे पाणी कुठेही नाही. माणशी रोज किमान चार लिटर धरले, तर चार दिवसांचे सोळा लिटर, म्हणजे सोळा किलो वजन नुसत्या पाण्याचे. त्यावर तंबू, अंथरूण, शिधा. एवढे ओझे सायकलीवर लादून मर्फी चढणे फारच थोड्यांना जमते. म्हणून बहुतेक गट एक मदतगाडी बरोबर घेतात. पाणी आणि सामान ती वाहते, आणि गटातले एक-एक जण पाळीपाळीने चालवायला बसतात. मोटारींपासून लांब जायला निघालेल्यांना अखेर एक मोटार लागते. ही विसंगती कोणी लपवत नाही. ग्रीन नदीचे पाणी गाळाने इतके भरलेले असते की ते आधी निवळू द्यावे लागते, मगच गाळणी चालते. मदतगाडी बिघडली आणि ओढून काढावी लागली तर हजार डॉलरच्या पुढे खर्च येतो.

वाळवंटातली हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही, निघाल्या निघाल्या उडून जातो. त्यामुळे आपण किती पाणी गमावतो याचा अंदाज चुकतो. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पीत राहावे लागते. त्याबरोबर मीठही हवे. नुसतेच पाणी पीत गेल्यास रक्तातील सोडियम घटून डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसतात, आणि ती उष्माघाताची समजून आणखी पाणी पाजले तर प्रकृती बिघडते. उन्हाळ्यात इथला पारा ३८ अंशांपलीकडे जातो. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते ऑक्टोबर हे सायकलीचे दिवस. तेव्हाही दिवसरात्रीच्या तापमानात वीस-बावीस अंशांचा फरक पडू शकतो, म्हणून दुपारी सदरा नकोसा वाटणाऱ्याला रात्री उबदार कपडे लागतात.

जुलै ते सप्टेंबर हा वळवाचा काळ. वर्षाचा एकूण पाऊस २५ सेंटिमीटरच्या आत, पण पडतो तेव्हा एकदम. खडक पाणी शोषत नाही. दूरवर कोसळलेली सर कोरड्या ओढ्यातून लोंढा होऊन येते, जिथे उभे आहोत तिथे आकाश निरभ्र असले तरी. काही थरांतली चिकणमाती ओली झाली की चाके, चौकट आणि ब्रेक यांच्या मध्ये गच्च बसते आणि सायकल उचलूनच न्यावी लागते. २०१० च्या ऑगस्टमध्ये एका वादळी पावसाने मिनरल बॉटमचा घाट ठिकठिकाणी वाहून नेला आणि व्हाइट रिमची फेरी कित्येक महिने अर्धवट राहिली; दुरुस्ती होऊन घाट पुन्हा खुला व्हायला पुढचे वर्ष उजाडले. वसंताच्या अखेरीस डोंगरातले बर्फ वितळले की ग्रीन नदी काठ सोडते आणि पश्चिमेकडचा सखल रस्ता पाण्याखाली जातो. निघण्यापूर्वी उद्यानाच्या कचेरीत रस्त्याची ताजी स्थिती विचारणे, हे त्यामुळे परवान्याइतकेच आवश्यक ठरते.

सायकल कोणती? झायन आणि टूसॉनच्या फरसबंद वाटांना भाड्याची साधी सायकल पुरते. कच्च्या वाटांना रुंद टायरची डोंगरी सायकल हवी. रेतीत टायरमधली हवा थोडी कमी केली की चाकाचा जमिनीवरचा टेका वाढतो आणि ते रुतत नाही. साखळीला पातळ, कोरडे राहणारे तेल घालतात, कारण ओशट तेलावर वाळू बसून दातेरी चकत्या झिजतात. पंक्चरचे मोठे कारण मात्र मराठी मुलखाच्या ओळखीचे आहे. आपल्याकडे शेताच्या बांधावर अनवाणी पायात मोडणारा सराटा, त्याचेच झाड अमेरिकेत परदेशातून येऊन फोफावले आहे आणि नैर्ऋत्येकडच्या वाटांच्या कडेला त्याची काटेरी फळे विखुरलेली असतात. ट्यूब काढून टाकून टायरमध्ये भोक बुजवणारे द्रव्य भरण्याची पद्धत तिथल्या स्वारांत रुळली, तिला या काट्याचा मोठा हातभार आहे. सराटा टायरमध्ये रुतलेला दिसला तर तो लगेच उपटू नये. द्रव्य पुरेसे आहे याची खात्री होईपर्यंत काटाच भोक धरून ठेवतो.

वाटेच्या बाहेर चाक घालू नये, हा नियम या उद्यानांत इतक्या वेळा सांगितला जातो तो तिथल्या मातीमुळे. वाळूवर जागोजागी काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. तो सूक्ष्म जिवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांनी मिळून विणलेला असतो. जिवाणूंचे चिकट धागे वाळूचे कण बांधून ठेवतात. त्यामुळे वाऱ्याने जमीन उडत नाही, पाणी मुरते आणि हवेतला नायट्रोजन मातीत उतरतो. ज्या जमिनीत दुसरे खत नाही, तिथे झुडपांचे पोषण याच पापुद्र्यावर चालते. एक टायर त्यावरून गेले की तो चुरा होतो आणि पूर्ववत व्हायला अनेक दशके लागतात. मोटारीला वाट द्यायची असो वा फोटो काढायचा असो, थांबायचे ते रस्त्यावर, उघड्या खडकावर किंवा ओढ्याच्या रेतीत.

उद्यानांनी सायकलींसाठीच म्हणून नव्याने आखलेल्या वाटाही आहेत, मात्र थोड्या. कॅन्यनलँड्सच्या शेजारच्या डेड हॉर्स पॉइंट या राज्य उद्यानात २००९ पासून एकेरी मातीच्या वाटांचे जाळे खुले झाले. मोटारींचा तिथे संबंध नाही, चढ बेताचे आहेत, आणि कड्यावरून खाली पोटॅश काढण्याची निळीशार तळी दिसतात. पाणी लवकर आटावे म्हणून त्यांत मुद्दाम निळा रंग घालतात. नवख्याने व्हाइट रिमचा विचार करण्यापूर्वी इथे दोन दिवस घालवणे शहाणपणाचे.

अमेरिकेबाहेर, आणि आखातात नोकरीला असलेल्या मराठी कुटुंबांना जवळचा असा नमुना दुबईत आहे. अल कुद्राचा ८६ किलोमीटरचा डांबरी सायकलमार्ग शहराच्या दक्षिणेकडच्या वाळवंटातून जातो आणि तो पहिल्या दिवसापासून सायकलींसाठीच बांधलेला आहे. वाळूच्या टेकड्यांत अधूनमधून अरबी ओरिक्स हे पांढरे हरीण दिसते. इथे खडकाळ चढ नाहीत, अडचण ऊन आणि समोरचा वारा यांची. नोव्हेंबर ते मार्च सोडल्यास पहाटेच निघून ऊन चढण्यापूर्वी परतावे लागते, आणि वाळूचा थर रस्त्यावर आला असेल तर डांबरी मार्गावरही अरुंद टायर घसरते.

अलीकडचा नवा प्रश्न विजेच्या सायकलींचा आहे. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने साध्या सायकलींना मोकळ्या असलेल्या वाटांवर त्यांनाही येऊ देण्याचे धोरण जाहीर केले, पण शेवटचा निर्णय प्रत्येक उद्यानाच्या अधीक्षकांवर सोपवला. त्यामुळे एका उद्यानात चालणारी विजेची सायकल दुसऱ्या उद्यानात अडवली जाऊ शकते. पायडल मारल्यावरच जोर देणारी आणि नुसत्या मुठीने पळणारी, असा भेदही काही ठिकाणी केला जातो. झायनसारख्या आखूड वाटेवर ही सोय वयस्कांना मोलाची आहे. व्हाइट रिमवर मात्र तिचा उपयोग बॅटरी टिकेल तेवढाच, कारण १६० किलोमीटरच्या त्या फेरीत विजेचे बटण कुठेही नाही.